कुलूप लावलेला बायोडेटा

३ नोव्हेंबर, सोमवार

काल तुळशीचं लग्न लागलं, आज सकाळी समाजाच्या वधू-वर नोंदणीचा मेल उघडला तर स्थळांची रांग. चातुर्मासभर समाज गप्प बसतो आणि तुळशीचं लागलं की सगळ्यांनाच एका दिवसात जावई हवा असतो. निम्म्यांनी फोटो आडवे पाठवलेत. मुलीचं तोंड बघायला मान वाकडी करावी लागते.

सासूबाईंचा नियम होता, या घरात आलेलं स्थळ न बघता जेवायला बसायचं नाही. तेव्हा स्थळ माणसाच्या तोंडून यायचं, आता मेलला चिकटून येतं. नियम मी मोडलेला नाही. भाकरी झाकून ठेवली आणि एकेक फाइल उघडून पाहिली. हे ओट्यावरून ओरडले, "ऐकस का, बठा नवरदेव जेवीसन बठनात, आपलं काय?" सगळे नवरदेव जेवून बसले म्हणे, आपणच उपाशी. यांना केळीत पाणी सोडायला जायचं होतं. अर्धवट जेवून गेले.

संध्याकाळी भारतीसाठी तळोद्याच्या मंडळींना मेलवर पत्र लिहिलं. माझ्या मैत्रिणीची, सिंधूबाईची मुलगी, मला मावशी म्हणते. खापर गावात दिली होती. नवरा मारायचा. दोन वर्षं झाली फारकतीला, पण त्याने पिच्छा सोडला नाही. माहेरच्या दारात येऊन बसायचा, मग नंदुरबारला तिच्या कामावर जाऊन गोंधळ. म्हणून ती धडगावला गेली, तिथे दवाखान्यात नर्स आहे. कुठे आहे ते तिची आई, मी आणि हे, एवढ्यांनाच ठाऊक. तळोदेकरांनी विचारलं होतं, मुलगी एकटी का राहते, कुठे राहते. लपवाछपवी नको म्हणून सगळं लिहिलं. दवाखाना, खोली, घरमालकाचं नाव, कामाच्या पाळ्या. पाठवण्याआधी दोनदा वाचलं. चांगलं पत्र झालंय. या पोरीचं यंदा व्हायलाच हवं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुरतेहून एक नवं स्थळ. मेलमध्ये लिहिलंय, मुलीचा फोटो असल्यामुळे फाइल कुलूप लावून पाठवत आहोत, पासवर्ड खाली दिला आहे, तसदीबद्दल क्षमस्व. वाचून इतकं बरं वाटलं. पुरुषोत्तमनगरच्या वधू-वर मेळाव्यात मी माइकवर घसा कोरडा करून सांगितलं होतं, मुलींचे फोटो उघडे पाठवू नका, पासवर्ड लावा. समोरची मंडळी बुंदी खात होती. म्हणजे एकाने तरी ऐकलं. मुलगी झाकून पाठवणारं घर, संस्कारी असणार.

कॉम्प्युटरने लाल पाटी दाखवली, धोका आहे म्हणून. ती पाटी मागे एका डॉक्टर मुलाच्या कुंडलीलाही आली होती. काढून टाकली. फाइल उघडली, काळी चौकट आली नि गेली, पुढे काहीच नाही. ना फोटो ना जन्मवेळ. त्यांना कळवलं की फाइल रिकामी आली, पुन्हा पाठवा.

उत्तर नाही अजून. इतकी नम्र माणसं, देतीलच.

८ नोव्हेंबर, शनिवार

आंघोळ व्हायच्या आत दोंडाईच्याचा फोन. "ताई, तुम्ही धाडी ती फाइल उघडत नही." कुठली फाइल? मी काही पाठवलं नाही म्हटलं, तर ते हसले. मग प्रकाशा गावाहून फोन. मग नवापूरचा. सगळ्यांचं तेच. माझ्या नावाने मेल, कुलूप लावलेली फाइल, खाली पासवर्ड. नवापूरच्या भाऊंनी तर कौतुकाने सांगितलं की ताईंची फाइल म्हणून रात्रीच उघडली.

मेलमध्ये शिरायला गेले तर माझाच पासवर्ड मला चालेना. तीनदा टाकून पाहिला. 

बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुकानातला सुनील दुपारी आला. आधी इंटरनेटची वायर उपटली, मग चहा मागितला. त्याला प्रत्येक रोगाचं भाषण करायची हौस आहे, पण आज ऐकावंच लागलं. म्हणाला, काकू, ते कुलूप मुलीसाठी नव्हतंच. बंद फाइलमध्ये काय आहे ते व्हायरस तपासणाऱ्याला दिसत नाही, म्हणून चोर लोक कुलूप लावतात आणि किल्ली तुमच्याच हातात देतात. आत फोटो नव्हता, प्रोग्राम होता. फाइलच्या नावापुढची, प्रकार सांगणारी शेपटी कॉम्प्युटर लपवतो, म्हणून मला नुसतं "मुलीचा फोटो" एवढंच दिसलं. कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवलेले सगळे पासवर्ड त्याने नेले.

मी म्हटलं, पण पाटी आली होती. तो म्हणाला, मग? 

९ नोव्हेंबर, रविवार

मोबाइलवर कोड मागवून सुनीलने मेल परत मिळवून दिला. पासवर्ड नवा, तोही माझ्या मोबाइलवरून टाकला, त्या यंत्रावरून नको म्हणाला. यापुढे पासवर्डनंतर मोबाइलवर आलेला कोडही लागणार. पाठवलेल्या पत्रांचा कप्पा चोराने पुसून साफ केलाय. काय गेलं, कुणाला गेलं, काही कळायला मार्ग नाही.

प्रकाशाच्या वहिनींना सांगून त्यांच्याकडे आलेल्या मेलचा फोटो मागवला. चष्मा लावून पाहिला. वर दोन ओळी, "सोबतची फाइल पाहावी" वगैरे. आणि खाली माझं जुनं पत्र. खरंच माझं. मागच्या माघात बोरदच्या मंडळींना लिहिलेलं. त्याचा प्रकाशाशी काडीचा संबंध नाही.

सुनील म्हणतो असंच करतात. जुनं पत्र खाली जोडलं की समोरच्याला खरं वाटतं. प्रत्येकाला वेगळं, हाताला लागेल ते.

म्हणजे माझी पत्रं गावोगाव फिरताहेत. भारतीचं पत्रही त्यातच होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस फोन, फोन, फोन. एकेका घराला सांगायचं, उघडू नका, उघडली असेल तर वायर काढा, पासवर्ड बदला. आणि शेवटी सहज विचारल्यासारखं, खाली कुठलं पत्र होतं हो?

लाजेने मेले आहे. मी पत्रात फार खरं लिहिते. "मुलगा गुटखा खातो, भेटीत हसवून दात बघून घ्या" हे त्याच मुलाच्या मामाला गेलंय. मामांनी मला अख्खं वाचून दाखवलं, स्वल्पविरामासकट. मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी कसली, गुटखा सोडलाय त्याने आता. दुसऱ्या एका घरी गेलेल्या पत्रात त्यांच्याच विहिणीचा उद्धार होता. ती बाई पंचवीस मिनिटं बोलली आणि मी ऐकून घेतलं.

समाजाच्या अध्यक्षांचा फोन. बोभाटा करू नका ताई, हंगाम तोंडावर आहे, लोक मुली नोंदवायचे थांबतील. मी म्हटलं, थांबायलाच हवेत. ते "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे नाही.

भारतीचं पत्र आतापर्यंत कुणाकडेच निघालेलं नाही. आशा लावून बसले आहे की ते गेलंच नसेल. यादीतली थोडीच घरं राहिली आहेत आता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

राहिलेल्यांत एक खापरचं घर आहे.

भारतीचं जुनं सासर. किराण्याचं मोठं दुकान, दुकानात कॉम्प्युटर. त्यांच्या धाकट्या मुलाचा बायोडेटा उन्हाळ्यात माझ्याकडे आला. मी घेतला. थोरल्याच्या पापाचा धाकट्याला काय दंड, असं मनाशी म्हटलं होतं. त्यामुळे त्यांचा पत्ता माझ्या मेलमध्ये आहे. मेल सगळ्यांना गेलाय, त्यांनाही गेलाच असणार. खाली कुठलं पत्र, ते तेच जाणोत.

बाकी सगळ्यांनी आपणहून फोन केले. त्यांचा एकही नाही. एक तर बघितलं नसेल, किंवा बघून गप्प असतील.

फोन करून विचारायचं कसं? "तुम्हाला आलेल्या मेलखाली काय लिहिलं होतं" असं विचारलं की ज्यांनी बघितलं नाही तेही जाऊन बघणार. "तो मेल पुसून टाका" म्हटलं तर आधी वाचतील, मग पुसतील. मी तरी तेच केलं असतं. यांना सांगितलं. हे बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "इचारशी तर त्यासले वास लागी. नही इचारशी तर तुले झोप नही लागी." यांना दोन्ही बाजू दिसतात, उपयोग कशाचाच होत नाही.

मला भीती वाटते. तो माणूस आमच्या ओट्यावरही येऊन गेला होता त्या वेळी. शांत बोलत होता, तेच जास्त वाईट होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नंदुरबारला जाऊन सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. बाईंनी नीट ऐकून घेतलं, छापून घेतलं, पावती दिली. भारतीबद्दल सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, त्या मुलीला हे माहीत आहे का? मी म्हटलं नाही. म्हणाल्या, मग आधी तिला सांगा, इथे नंतर आलात तरी चाललं असतं. तिला धडगावच्या ठाण्यातही सांगून ठेवू द्या.

परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात. सहा दिवस मी सगळ्या जिल्ह्याला फोन केले. जिच्या जिवाला घोर आहे तिला सोडून.

१६ नोव्हेंबर, रविवार

धडगावला जाऊन आले. हे बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं. शहाद्याहून जीप, घाटात वळणावर वळण, शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी. उलटी आली नाही एवढंच.

भारती दारात उभी होती. सुट्टीचा दिवस, केस धुतलेले. तिला वाटलं मी तळोद्याचा होकार घेऊन आले. तिच्या चेहऱ्यावर ते इतकं स्पष्ट दिसलं की मला जिना चढवेना. चूल नाही, छोटा गॅस, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी, भिंतीला नर्सच्या कपड्यांची इस्त्री केलेली जोडी. घर लावलंय तिने.

चहा झाल्यावर सांगितलं. सगळं. फाइल, कुलूप, पत्र, खापर.  ती कप विसळून आली आणि उभ्यानेच विचारलं, "मावशी, मन्हा पत्ता लिखा तवय माले इचारं व्हतं का?"

मी म्हटलं, नाही.

मला वाटलं होतं ती व्हायरसबद्दल विचारेल, चोराबद्दल विचारेल. तिने ते विचारलंच नाही. तेवढं एकच विचारलं. मी तळोदेकरांच्या भल्याचा विचार केला, तिच्या लग्नाचा केला, पत्र किती छान झालंय याचा केला. पण धडगावला फोन लावून "लिहू का गं" एवढं म्हणायचं सुचलं नाही. मुलीचं सगळं मला ठाऊक म्हणजे ते माझंच, असं कधी वाटायला लागलं कोण जाणे.

मग ती रडली, रागाने. खोली सोड, बदली माग, सुट्टी काढून आमच्याकडे ये, मी सुचेल ते बोलत होते. तिने हाताने थांबवलं. "मी आठेन पळसू नही. दोन सावा पळनू. पन माले पक्कं समजाले जोयजे. त्यासले समजनं का नही समजनं, एवढं तुम्ही काढीसन द्या." दोनदा पळाले, आता नाही. अर्धवट भीती नको, काय ते पक्कं सांगा. मी हो म्हटलं.

निघताना पाया पडायला वाकली, मीच मागे सरले. आम्ही दोघी चालत ठाण्यात जाऊन सांगून आलो. घरमालकीण पावरा आदिवासी बाई आहे, तिला भारतीने त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जिन्याच्या दाराला आतून कडी आहे ती हलवून दाखवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुनीलने कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने भरला. आता सगळ्या फाइलींच्या शेपट्या दिसतात. माझ्यासाठी वेगळं साधं खातं केलंय, त्यातून कुठलाही प्रोग्राम आपोआप बसणार नाही, दरवेळी मुख्य पासवर्ड विचारेल आणि तो यांच्याकडे. यांना फार महत्त्व आल्यासारखं झालंय. लाल पाटी आली की मीच हाक मारायची असं ठरलं.

लोकांकडून आलेली जुनी पत्रं सगळी काढून टाकली, मेलमधूनही. लग्नं होऊन पोरं झाली त्यांचेही बायोडेटे होते माझ्याकडे. कशासाठी जपले होते? कुणी विचारलं तर झटकन सांगता यावं म्हणून. मिरवायला. पुसताना हात जड झाला हेही खरं.

नवा नियम कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या वर चिकटवला. फाइल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन. मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. आणि कुलूपवाली फाइल अजिबात नाही, कितीही संस्कारी घर असो.

भारतीला दिलेला शब्द पाळलेला नाही अजून.

२३ नोव्हेंबर, रविवार

नियमाने रोज कुणी ना कुणी दुखावतंय. आज सारंगखेड्याच्या काकांना फोन केला, तुम्हीच फाइल पाठवली ना? म्हणाले, म्हणजे काय, आम्ही चोर आहोत? दुपारी स्वतः बसने आले, छापलेला बायोडेटा दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला, "घ्या, यात व्हायरस शे का बघा." जेवून गेले. सासूबाई असत्या तर खूश झाल्या असत्या, स्थळ चालत आलं म्हणून.

तळोद्याला खरं सांगितलं. तुम्हाला लिहिलेलं पत्र बाहेर गेलं असण्याची शक्यता आहे, आणि तुमच्याकडे आहे तेही पुसा.  मुलाची आई म्हणाली, म्हणजे तो माणूस उद्या आमच्याही दारात येईल का? मी म्हटलं, माहीत नाही. विचार करून कळवतो म्हणाली. खरं बोलले, म्हणून स्थळ जाणार बहुतेक. भारतीला कळवलं. ती म्हणाली, जाऊ द्या मावशी, आता ते नको, आधी ते पक्कं काढा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

खापरचा नंबर काढून फोन हातात घेतला, ठेवला. मग धुणं केलं. मग पुन्हा घेतला, मग यांचा सदरा शिवायला बसले. मी भित्री आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मेळाव्यात पाचशे माणसांसमोर बोलते मी. एक नंबर लावता येत नाही.

धाकट्याच्या स्थळाचं निमित्त करून बोलावं, आवाजावरून अंदाज घ्यावा, असं ठरवते. मग वाटतं, माझ्याच आवाजावरून त्यांना अंदाज येईल.

भारतीचा संध्याकाळी मेसेज. "काही समजनं?" मी "नाही" एवढंच लिहिलं. 

२ डिसेंबर, मंगळवार

आज खापरहून मेल.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांच्याच पत्त्यावरून. वर लिहिलंय, "ताई, आपलं पत्र मिळालं. सोबत जोडलं आहे, ते पाहावं." सोबत फाइल. फाइलला कुलूप. पासवर्ड खाली. पुढे काही नाही, नाव नाही, जुनं पत्र नाही.

मी कॉम्प्युटरपासून खुर्ची मागे ओढून बसले. हे केळीत होते, यांना हाक मारायला कुणी नव्हतं. माझा हात पुढे जात होता, तो मला दिसत होता. आत काय आहे ते एका बोटाच्या अंतरावर. भारतीने मागितलेलं "पक्कं" कदाचित तेच.

उघडली नाही. वायर काढली आणि चालत सुनीलच्या दुकानात गेले.

त्याने माझ्या मोबाइलवर नुसता मेल पाहून सांगितलं, दोन शक्यता. त्यांचं यंत्र आजारी पडलं असेल आणि हे आपोआप सगळीकडे जात असेल. तुम्ही पाठवलेलंच परत आलंय असं समजा. नाही तर माणसाने बसून लिहिलंय. मी म्हटलं, आपोआप आलं असेल तर? तो म्हणाला, तर मग त्यांनी तुमच्या मेलमधली फाइल उघडली होती काकू, त्याशिवाय आजार कुठून लागेल. माणसाने लिहिलं असेल, तर मेल वाचलाच आहे.

दोन्हीकडून एकच निघालं. मेल उघडला गेलाय. आता एवढंच राहिलं की खाली कुठलं पत्र होतं, आणि ते कुणी वाचलं. दुकानातल्या पोराने, म्हाताऱ्याने, का त्याने.

फाइल उघडायची नाहीच, सुनील म्हणाला, मोह होईल पण नाही. मग माझ्याच कागदावरचं वाक्य मला म्हणून दाखवलं, आधी पाठवणाऱ्याला फोन.

३ डिसेंबर, बुधवार

आंघोळ, पूजा, मग फोन. यांना समोर बसवलं. आधी भारतीला लावला आणि मेलचं सांगितलं. आता करतेय म्हटलं, तू सांग काय बोलू. ती दवाखान्यात होती, मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. ती म्हणाली, "जे शे ते इचारा. आडूनतिडून नको. मन्हं नाव मीच लिसू, तुम्ही लेऊ नका. माले जोडी घ्या, मी ऐकस." तिचं नाव तीच घेणार, मी नाही. या वेळी तिला विचारून करतेय एवढं तरी.

दोन्ही फोन जोडायला सुनीलने शिकवलं होतं, तसं केलं. खापरचा वाजायला लागला. भारतीचा श्वास मला ऐकू येत होता. वाजून वाजून बंद पडला. कुणी उचलला नाही. दुकानाची सकाळची वेळ, गिऱ्हाईक असेल. किंवा माझा नंबर पाहून ठेवला असेल बाजूला.

भारती म्हणाली, पाळीवर आहे, दुपारी जेवायला सुटते, तेव्हा पुन्हा लावू. आवाज साधा होता. फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, मावशी तुम्ही जेवलात का. मी नाही म्हटलं.

यांनी पानं वाढलीत. मी हे लिहितेय. मेलमधली फाइल तशीच आहे, न उघडलेली. आणि खापरच्या फोनमध्ये आता माझा नंबर आहे, त्यांना हवं तेव्हा ते लावू शकतात.

वाजला तर भारतीला जोडूनच बोलायचं. हे म्हणाले, "आधी जेवी ले." बसले आहे ताटावर. फोन ताटाशेजारी पालथा ठेवलाय.